धुराडे झाडायचे कोणी?



जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेत कापसाचा भाव असतो, कर्ज असते, वीजबिल असते, नार-पारचे पाणी असते. चुलीचे धुराडे कधी नसते. या वेळी ते घेतले आहे. काही जणांना हसू येईल, येऊ द्या. विहिरीवरची मोटर बंद पडली तर फ्यूज गेला, केबल जळाली की फूटव्हॉल्व्ह अडकला, हे आपल्यातला प्रत्येक जण अंधारात हात लावून सांगेल. पण घरातला धूर कोणत्या वाटेने बाहेर पडतो, ती वाट किती इंचाची आहे आणि तिच्यातून शेवटची काजळी कधी काढली, हे विचारले तर बैठकीतले निम्मे पुरुष एकमेकांकडे बघतील. उत्तर ज्यांना ठाऊक आहे त्या बैठकीला आलेल्या नसतात. त्या वेळी त्या चुलीपुढे असतात.

‘आता घरोघर गॅस आला, चूल राहिली कुठे?’ असे तालुक्याच्या कचेरीत बसलेला माणूस म्हणेल. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत टाकी पोचली, हे खरे आहे आणि ते चांगलेच झाले. पण टाकी घरात पोचणे वेगळे आणि संपलेली टाकी पुन्हा भरून आणणे वेगळे. सरकारने संसदेत दिलेले आकडेच पाहिले तर उज्ज्वलाचे घर २०१९-२० साली वर्षाला सरासरी तीन टाक्या घेत होते आणि २०२२-२३ साली पावणेचारच्या आसपास. पाच-सहा माणसांच्या घराचे वर्ष तीन-चार टाक्यांत निघत नाही. चहा, पाहुणे, आजाऱ्याची पेज यांना गॅस. भाकरी, डाळ, अंघोळीचे पाणी, गायीम्हशीचे आंबवण यांना चूल. टाकीवर भरतकामाचा रुमाल आणि शेजारी पऱ्हाटीचा जाळ, हे चित्र नांदगाव, मालेगाव, येवल्याच्या कोणत्याही कोरडवाहू गावात दिसेल. भरलेल्या टाकीला किती किलो कापूस मोजावा लागतो, याचा हिशेब घरातली बाई बरोबर करते आणि म्हणून ती टाकी जपून वापरते. तिला अडाणी म्हणणाऱ्याने आधी तो हिशेब मांडावा.

मनमाडजवळच्या पानेवाडीला तेल कंपन्यांची मोठी साठवण केंद्रे आहेत. मुंबईहून जमिनीखालच्या नळाने तेल तिथे येते आणि टँकर भरून उत्तर महाराष्ट्रात जाते. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला टँकरचालकांनी काम थांबवले तेव्हा दोनच दिवसांत पंपापंपावर रांगा लागल्या. त्या पानेवाडीच्या आसपासच्या शिवारातही पऱ्हाटीवर भाकरी भाजली जाते. तेव्हा चूल गेली असे समजून बोलण्यात अर्थ नाही. जोवर ती आहे तोवर तिचा धूर माणसाच्या छातीत न जाता घराबाहेर गेला पाहिजे, आणि तिच्या विस्तवाने घर जळता कामा नये.

पऱ्हाटी हे जळण वाईट नाही. चांगल्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या एका किलोत ४००० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता असते. लाकडाच्या ती फार मागे नाही. गोवरी तिच्या बरीच खाली येते. अडचण आहे ती वाळण्याची. शेवटची वेचणी झाली की आपण पऱ्हाटी उपटतो, मोळ्या बांधून घरामागे रचतो आणि आठवड्याभरात चुलीत घालू लागतो. बाहेरून कडकडीत दिसणाऱ्या त्या काडीच्या पोटात ओल असते. ओल्या काडीची उष्णता आधी स्वतःतले पाणी उडवण्यात जाते, जाळ थंड पडतो आणि काडीतून निघणारे वायू पुरते जळत नाहीत. धूर म्हणतात तो हाच: न जळता निसटलेले जळण. ज्वारीच्या धसकटांना माती चिकटलेली असते आणि पावसाळ्यात त्यांना ओल चटकन लागते, त्यांचा धूर आणखी दाट.

हा धूर थंड पाइपला लागला की आत थर धरतो. पहिल्यांदा ती भुरभुरीत काजळी असते, काठीने ठोकले तरी गळून पडते. तशीच राहिली आणि वर ओल्या जळणाचा धूर बसत गेला तर तिचा डांबरासारखा चकचकीत लेप होतो, मग तो खरवडूनही निघत नाही. तीन-चार इंची पाइपात दोन्ही बाजूंनी बोटभर थर चढला की वाट निम्म्याहून कमी उरते. आता धूर वर न जाता चुलीच्या तोंडातून आणि वैलाच्या भोकातून घरात येतो. बाई डोळे पुसत फुंकणी घेते. ‘निर्धूर चूल’ नावाची ती चूल साध्या चुलीहून जास्त धुरकटते आणि एक दिवस घरातली म्हातारी ती फोडून टाकायला सांगते. म्हातारीचे काही चुकत नाही.

दुसरा धोका यापेक्षा वाईट. तो काळा लेप स्वतःच जळण आहे. लग्नघरचे पाणी, पुरणाचा स्वयंपाक, अशा दिवशी चुलीत एकदम मोठा जाळ होतो, ज्वाळा पाइपात शिरते आणि लेप पेट घेतो. पाइपातून घोंघावल्यासारखा आवाज येऊ लागतो, वरून ठिणग्या उडतात. खाली कडब्याची गंजी असेल तर पुढचे सांगायला नको.

रोजच्या धुराचे काय होते, ते असे आग लागल्यासारखे एका दिवसात दिसत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने घरातल्या चुलीच्या धुराने २०२० साली जगभर ३२ लाख माणसे मेली. लहान पोरांचा न्यूमोनिया, बायांचा दमा आणि खोकला, डोळ्यांत वेळेआधी पडणारे मोतीबिंदू, यांची एक मुळी चुलीच्या तोंडाशी आहे. खोकणाऱ्या पुरुषाला दवाखान्यात ‘बिडी ओढता का?’ असे विचारतात. खोकणाऱ्या बाईला ‘चूल फुंकता का?’ असे विचारणारे डॉक्टर कमी.

निर्धूर चुलीची कल्पना आजची नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणाऱ्यांनी १९४० च्या दशकात मगन चूल बसवली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी धुराड्याच्या चुलीचा नमुना करून त्यावर पुस्तिका काढली. पुढे केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ साली सुरू केला आणि २००२ साली गुंडाळला. एवढ्या काळात तीन कोटींहून जास्त चुली बसवल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने, धुराड्याची दोन भांड्यांची लक्ष्मी चूल पुढे आणली. ती साच्यातून काढता येई, गावचा कुंभार शिकून ती बसवू शके. या लोकांचे काम मनापासून होते, त्यात शंका नाही.

मग चुली गेल्या कुठे? सरकारी खाक्या आपल्या परिचयाचा आहे. उद्दिष्ट ठरते, अनुदान येते, मार्चअखेर चुली मोजल्या जातात, फोटो निघतो. चूल बसली की नोंद पुरी. ती दुसऱ्या वर्षी पेटते का, धूर वर जातो का, पाइप तुटला तर नवा कुठे मिळतो, हे कोणत्याच रकान्यात नव्हते. शेततळी आणि बांधबंदिस्तीचे जे झाले तेच चुलीचे झाले, आपल्याला नवल वाटायला नको.

पण सगळे खापर सरकारवर फोडून आपण मोकळे होणार असू तर ओरिसाची गोष्ट ऐकावी लागेल. तिथल्या ४४ गावांत सुमारे २६०० घरांत धुराड्याच्या सुधारित चुली देऊन काही अर्थशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. त्यांच्यातल्या एस्थर डफ्लो यांना पुढे २०१९ साली नोबेल मिळाले. या अभ्यासात सरकारी मार्चअखेर नव्हता, चूल बसवून पळून जाणारा ठेकेदार नव्हता. पहिल्या वर्षी बायांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढच्या वर्षांत तो फायदा ओसरत गेला आणि शेवटी उरला नाही. कारण लोक चूल नीट वापरीनात, तिची डागडुजी करीनात, धुराडे साफ करीनात. चुलीचा नमुना प्रयोगशाळेत ठीक होता. घरात तिला सांभाळणारा माणूस नव्हता.

हा माणूस का नव्हता, याचे उत्तर शोधायला अर्थशास्त्र लागत नाही. चूल जमिनीवर असते आणि धुराड्याचे तोंड छपरावर. चुलीपुढे बसते ती बाई छपरावर चढत नाही. सुनेने पत्र्यावर चढलेले गावाला चालत नाही, आणि नऊवारी असो की पाचवारी, लुगडे नेसून शिडीवर जाणे धोक्याचेच. छपरावर जाऊ शकतो तो पुरुष चुलीपुढे बसत नाही, त्यामुळे धूर कोंडला हे त्याच्या डोळ्यांना समजत नाही. धूर जिच्या डोळ्यांत जातो तिच्या हातात झाडणे नाही, आणि ज्याच्या हातात आहे त्याच्या डोळ्यांत धूर नाही. चुलीचा नमुना काढणाऱ्यांनी ज्वाळा मोजली, भोके मोजली, पाइपचा व्यास मोजला. शिडी कोण चढणार, एवढे विचारायचे राहिले.

वाफेच्या इंजिनांचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना विचारा. मनमाड जंक्शनवर रेल्वेची नोकरी घराघरांत होती. इंजिनाच्या बॉयलरमधल्या नळ्या काजळीने भरल्या की वाफ धरत नाही, कोळसा दुप्पट खातो, गाडी उशिरा पोचते. म्हणून नळ्या झाडणे हे ठरलेले काम होते आणि त्याला माणूस आणि पगार होता. पानेवाडीला येणाऱ्या तेलाच्या नळावरही कंपनी माणसे ठेवते. ज्या नळातून मालकाचा पैसा वाहतो तो नळ साफ राहतो. आपल्या घरच्या नळातून फक्त घरधनिणीचा श्वास वाहतो.

चांदवड येथून जवळ आहे. १९८६ च्या नोव्हेंबरात तिथे शेतकरी स्त्रिया फार मोठ्या संख्येने जमल्या, देशाने त्याची नोंद घेतली. त्या अधिवेशनाहून परतलेल्या बायांनी घरी येऊन पहिले काय केले असेल? चूल पेटवली. तेव्हा पुरुष कार्यकर्त्यांनी हे काम आपल्याकडे घ्यावे, असे मला स्पष्ट म्हणायचे आहे. धुराडे झाडणे हे बैलाला पत्री ठोकण्याइतकेच पुरुषाचे काम समजा.

आता काम कसे करायचे ते सांगतो. कृषी पदवीच्या चार वर्षांत मला नत्र-स्फुरद-पालाशाचे सगळे प्रमाण पाठ करायला लावले. चूल एकाही धड्यात नव्हती. हे सगळे नंतर गावोगावच्या बायांकडून आणि कुंभारांकडून शिकलो.

पऱ्हाटी आणि धसकटे जाळणाऱ्या घरी दर पंधरवड्याला पाइप झाडावा. पावसाळ्यात, जळण ओले असताना, आठवड्याला. अमावस्या-पौर्णिमा धरली तर लक्षात ठेवायला सोपे. चूल रात्रभर विझलेली असावी, हात लावून पाइप गार असल्याची खात्री करावी. पाइपच्या आतल्या मापाचा काथ्याचा घट्ट बोळा सुतळीने बांधून त्याच्या दोन्ही टोकांना दोरी लावावी. खालच्या दोरीला छोटा दगड बांधून ती वरून सोडावी. एकाने वरून आणि एकाने खालून अशी चार-सहा वेळा ओढाओढ केली की काजळी खाली येते. सरळ, आखूड पाइप असेल तर लांब बांबूच्या टोकाला काथ्या बांधून खालूनही भागते. मात्र त्यासाठी पाइपच्या बुडाशी हात जाईल एवढी खिडकी ठेवलेली हवी. एरवी ती मातीच्या गोळ्याने बंद करायची. ही खिडकी नसेल तर आधी ती करून घ्या, कारण तिच्यामुळे निम्मे काम छपरावर न चढता होते.

नाकातोंडाला उपरणे बांधा. जुने पांढरे सिमेंटचे पाइप बहुधा अॅस्बेस्टॉसचे आहेत. त्याची धूळ छातीला घातक असते. तो पाइप करवतीने कापू नका, कोरडा खरवडू नका, आधी ओला करा. फुटला तर त्या जागी पत्र्याचा पाइप बसवा. छपरावर चढताना लोखंडी पत्र्यावर खिळ्यांच्या रांगेवरूनच पाय टाकावा, कारण खाली तिथेच वासा असतो. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊच नये. तो सांगून फुटत नाही.

पाइपचे वरचे तोंड छपराच्या सर्वांत उंच जागेपेक्षा हातभर वर पाहिजे. आषाढात आपल्याकडे पश्चिमेचा वारा माणसाला हलवतो. पाइप बुटका असला तर तोच वारा धूर उलटा घरात ढकलतो. वर पत्र्याची टोपी हवी, पण टोपी आणि तोंड यांच्यात चार बोटे जागा ठेवा. टोपी टेकवून बसवली की पाइप नसल्यासारखाच. पाइप लाकडी सराला किंवा वाशाला टेकता कामा नये. मध्ये वीतभर अंतर आणि त्यात मातीचा लपेटा हवा. धाब्याच्या घरात हे फार जपावे, कारण धाब्यातले लाकूड वर्षानुवर्षे तापून इतके कोरडे झालेले असते की ते ज्वाळेशिवाय आत धुमसत राहते आणि वरच्या मातीमुळे दिसत नाही.

वैलावर भांडे नसेल तेव्हा ते झाकणीने बंद करावे. चूल तडकली की शेणमातीने लगेच लिंपावी, भेगेतून हवा शिरली की पाइप ओढत नाही. काही बाया सांगतात की धुराड्याच्या चुलीला जळण जास्त लागते. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पाइप फार ओढू लागला की भांड्याखालची उष्णता वर निघून जाते. पाइपच्या बुडाशी सरकवता येईल अशी एक पत्र्याची पट्टी बसवून ती जाळ धरल्यावर अर्धी लोटावी. पुरती कधीच लोटू नये. धूर असला की वाळवी आणि डास राहत नाहीत, असेही म्हणतात. त्यात तथ्य असेल. पण वाशाला वाचवायला बायकोला धुरी देणे हा मला महागडा उपाय वाटतो.

पाइपला आग लागलीच तर घाबरून चुलीत पाणी ओतू नका. तापलेली चूल आणि पाइप पाण्याने तडकतात, वाफ अंगावर येते, अॅस्बेस्टॉसचा पाइप तर फटाक्यासारखा उडतो. जळती लाकडे बाहेर ओढून मातीने विझवा, चुलीचे तोंड आणि वैल ओल्या पोत्याने किंवा मातीने बंद करा. हवा तुटली की आग बसते. तोवर माणसे, गुरे बाहेर काढा आणि एकाला गंजीकडे पाठवा. मनमाडने नळाच्या पाण्याची पंधरा-वीस दिवस वाट पाहिलेली आहे, खेड्यांचे काय सांगावे. म्हणून चुलीच्या खोलीत पाण्याच्या भरवशावर न राहता कोरड्या मातीची एक बादली कायम ठेवा. माणूस भाजला तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी ओतत राहावे. तूप, शाई, टूथपेस्ट यांपैकी काही लावू नये.

रेशनचे रॉकेल मिळेनासे झाल्यापासून ओले जळण पेटवायला मोटारसायकलीतले पेट्रोल ओतण्याची रीत काही घरांत शिरली आहे. यावर लांब बोलण्याची गरज नाही. ती आजच बंद झाली पाहिजे.

थंडीची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. निफाडच्या पाऱ्याची बातमी दर डिसेंबर-जानेवारीत होते; तीच थंडी आपल्याही खळ्यांवर असते. घमेल्यात विस्तव घेऊन, दार-खिडकी लावून, गोधडी ओढून झोपणारी माणसे आहेत. विस्तव लाल होऊन धूर थांबला की तो निर्धोक झाला, असे आपण समजतो. तसे नाही. धूर नसलेल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. तो रक्तातली प्राणवायूची जागा धरतो. डोके जड होते, झोप येते आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी ठेवून दारे बंद करतात, तिथे तर दोन जीव असतात. विस्तव अंगणात धगधगू द्या, खोली उबवायची तर दार उघडे ठेवून उबवा आणि निजण्यापूर्वी घमेले बाहेर न्या. कांद्याच्या चाळीवर किंवा खळ्यावरच्या बंद खोपीत राखणीला झोपणाऱ्या पोरांना हे मुद्दाम सांगा.

राखेचेही तेच. आपल्या आज्या रात्री निखारा राखेत पुरून ठेवत आणि सकाळी त्यावरच चूल पेटवत. राखेखाली विस्तव रात्रभर जगतो हे ज्ञान घरातले आहे, तरी सकाळची राख सरळ उकिरड्यावर जाते आणि दुपारच्या वाऱ्याला उकिरडा पेटतो. राख एक दिवस-रात्र पत्र्याच्या डब्यात निववावी. नंतर ती वावरात टाका, पालाश आहे. फक्त युरियात मिसळू नका, नत्र वायू होऊन उडून जाते.

आता घरामागची पऱ्हाटीची रास. उन्हाळ्यात आपल्याकडचा वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून घराच्या पूर्वेला गंजी किंवा रास नको. ठिणगी तिकडेच जाते. पण या राशीत आगीहून मोठा शत्रू लपलेला असतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राचा कापूस कसा खाल्ला ते कुणी विसरलेले नाही. ती अळी उरल्यासुरल्या किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत पडून राहते आणि ती बोंडे पऱ्हाटीसकट आपण स्वतः घरामागे रचतो. पुढच्या हंगामात पतंग तिथूनच उठतो. म्हणजे जळण म्हणून ठेवलेली रास पुढच्या पिकाचे बियाणे नव्हे, कीड सांभाळते. फरदड न घेता पऱ्हाटी काढा, काडीवरची सगळी बोंडे आणि कवड्या झोडपून नष्ट करा, हंगामापुरते जळण तेवढे ठेवा आणि उरलेल्याचा कुट्टी करून कंपोस्ट करा. ठेवलेले जळण उभे करून, हवा खेळेल असे, दोन महिने कडक उन्हात वाळवून छपराखाली घ्या. अशा काडीचा धूर कमी, काजळी कमी, आणि पाइपही कमी वेळा झाडावा लागतो.

शेवटी हिशेबाचे बोलू, कारण त्याशिवाय आपले पान पुरे होत नाही. कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्च काढतो तेव्हा दुय्यम उत्पादनाची, म्हणजे कडबा-पऱ्हाटीची, किंमत धरतो आणि खर्चातला तेवढा वाटा मुख्य पिकावरून उतरवतो. थोडक्यात, पऱ्हाटी ही आपली कमाई म्हणून मांडली जाते. ती मोळी डोक्यावर आणणारी, फोडणारी, तिच्या धुरात रोज बसणारी बाई मात्र त्या कागदावर कुठेच नाही. तिचे शेतातले श्रम निदान कुटुंबाची मजुरी म्हणून दाखवतात. चुलीपुढचे तास, खोकल्याची औषधे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांना रकाना नाही. पऱ्हाटीची किंमत धरायची असेल तर धुराचीही धरा, अशी मागणी आयोगापुढे मांडण्याचा प्रस्ताव बैठकीत येईल. त्यावर चर्चा व्हावी, विरोध असेल तर तोही ऐकावा.

आयोग ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर प्रत्येक गावातून दोन पुरुष कार्यकर्त्यांनी नाव द्यायचे आहे. एका अमावस्येला त्यांनी स्वतःच्या घरचे आणि विधवा, एकट्या राहणाऱ्या बायांच्या घरचे धुराडे झाडायचे. बैठकीला येताना आपल्या पाइपचा आतला व्यास काडीने मोजून ती काडी बरोबर आणा. काथ्या आणि सुतळी मंडपाच्या दाराशी ठेवलेली असेल. त्या मापाचा बोळा तिथेच बांधून घ्या. चुलीवर पाइपच नसेल तर छपराची उंची मोजून आणा.